दगड १४२ न्यूटनचा, पण भिंत किती न्यूटनची?

तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो, म्हणजे काही चुकलं असेल तर लक्षात येईल. बार्शी भागात तुमच्या आजोबांनी बांधलेलं घर आहे. काळ्या दगडाच्या दोन फुटी भिंती, मातीत रचलेल्या, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर घातलेलं सपाट छप्पर. भिंतीतला निसटलेला एक दगड तुम्ही प्रयोगशाळेत तपासून घेतला आणि दाबाखालची ताकद आली १४२ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर (पुढे नुसतं ‘न्यूटन’ म्हणेन). कंत्राटदाराचं म्हणणं असं, की नेहमीच्या २५ न्यूटनच्या काँक्रीटपेक्षा हा दगड पाच-सहा पट भारी आहे, तेव्हा माळवद काढून स्लॅब टाका आणि वर एक मजला बिनधास्त चढवा. दुसरं, तुमच्या सासुरवाडीला, रत्नागिरीकडे, जांभ्याचं दुमजली घर शंभर वर्षं उभं आहे. जांभ्याची ताकद तीन-चार न्यूटन असते असं तुम्ही वाचलंत, मग ते घर उभं कसं? आणि तिसरं, दगडांच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या तर भिंत मजबूत होईल का?

आधी उत्तरं देतो. मजला चढवू नका. माळवदावरची माती मात्र उतरवा, आणि लवकर उतरवा. भिंतींत आरपार, म्हणजे भिंतीच्या पूर्ण जाडीतून जाणारे, दगड बसवून घ्या. सिमेंटच्या दर्जांवर पैसे घालू नका. आता कारणं सविस्तर लिहितो, कारण ती पटली तरच तुम्हाला कंत्राटदारापुढे ठाम राहता येईल.

१४२ हा आकडा खोटा नाही. आपल्याकडचा ताजा, घट्ट काळा पाषाण १०० ते २०० न्यूटनच्या घरात सहज जातो, काही नमुने त्याहीवर जातात. पण तो आकडा कशाचा आहे ते नीट पाहा. भारतीय मानकाप्रमाणे दगडाचा निदान पाच सेंटिमीटर बाजूचा घन किंवा तेवढ्याच व्यासाचा गोल तुकडा कापतात, दोन्ही तोंडं घासून अगदी सपाट करतात, काही तुकडे भट्टीत वाळवून आणि काही तीन दिवस पाण्यात बुडवून यंत्रात दाबतात. घट्ट बेसॉल्टचा, म्हणजे या काळ्या पाषाणाचा, घन फुटताना बंदुकीसारखा आवाज होतो आणि कपच्या जाळीवर आपटतात. जांभ्याचा घन आवाज न करता कडेने भुरभुरत जातो आणि शेवटी टोकाला टोक लावलेले दोन शंकू तेवढे उरतात. म्हणजे तुमचा आकडा आहे एका लहानशा, निवडलेल्या, चीर नसलेल्या, दोन्ही बाजूंनी आरशासारखा सपाट केलेल्या तुकड्याचा. भिंतीतल्या एकाही दगडाला अशी वागणूक मिळालेली नसते. शिवाय अनेक खाणींतला दगड सुरुंगाने काढलेला असतो. त्यात केसासारख्या चिरा असतात आणि प्रयोगशाळेत घन कापताना नेमका तोच भाग टाकून दिला जातो. पाचर ठोकून काढलेला दगड या बाबतीत कितीतरी निरोगी. रिपोर्टमध्ये आकडा कोरड्या नमुन्याचा आहे की भिजलेल्या, आणि किती नमुन्यांची सरासरी आहे, तेही विचारून घ्या. एका दगडावरून सगळ्या भिंतीचं मत बनवता येत नाही, कारण जुन्या घरात खाणीचा काळा फत्तर, ओढ्यातले गोटे आणि मांजऱ्या खडक असं सगळंच मिसळलेलं असतं. मांजऱ्यात पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरलेले लहान लहान कप्पे असतात आणि त्याची ताकद काळ्या पाषाणाच्या निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. हातोडीने टोला मारून पाहा. चांगला दगड खणखणीत वाजतो, आतून चिरलेला किंवा सडलेला बद्द वाजतो. गवंडी पूर्वीपासून हीच परीक्षा घेत आले आहेत आणि ती अजूनही चालते.

तरीही समजा सगळे दगड १४२ चे आहेत. आता जरा हिशोब करू. काळा दगड घनमीटरला साधारण २.८५ टन भरतो. अशा दगडाचा सरळ खांब रचत गेलात, तर स्वतःच्या वजनाने त्याचा तळ चिरडायला तो पाच किलोमीटर उंच व्हावा लागेल. कळसूबाई १६४६ मीटर. एकावर एक तीन कळसूबाई ठेवल्या तरी तळचा दगड पुरून उरेल. भंडारदऱ्याचं दगडी धरण ८२ मीटर उंच आहे, १९२६ मध्ये पुरं झालं. तेवढ्या उंचीच्या दगडी बांधकामाचा सरळ खांब घेतला, तर त्याच्या तळाशी दाब येतो जेमतेम २ न्यूटन.

आता तुमचं घर. भिंत तीन मीटर उंच, मातीतलं दगडी बांधकाम घनमीटरला २.४ टन धरलं, तर तळाशी स्वतःच्या वजनाचे ७.२ टन प्रति चौरस मीटर. माळवदाची माती दीड फूट धरली, तर लाकडासकट चौरस मीटरला सुमारे ८०० किलो. खण, म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर, बारा फुटी असेल, तर निम्मा भार एका भिंतीवर, म्हणजे भिंतीच्या तळाशी आणखी अडीच टन. एकूण दहा टनांच्या आत, म्हणजे ०.१ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. दगडाची ताकद १४२, लागणारी ०.१. चौदाशे पट अंतर.

या चौदाशे पटीवरच कंत्राटदार बोलतोय. मी म्हणतो, हाच आकडा दाखवतो की दगडाच्या ताकदीचा प्रश्न इथे नव्हताच. साध्या घराच्या भिंतीत दगड चिरडून घर पडलं असं मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यात दगड शाबूत असतात. तेच उचलून माणसं पुन्हा नवी भिंत रचतात.

मग पडतं काय? दगडांना एकत्र धरून ठेवणारं जे असतं ते.

दोन दगडांच्या मधला मसाला दगडापेक्षा कितीतरी मऊ असतो. वरून दाब आला की तो चेपतो आणि बाजूंना पसरू पाहतो. पसरताना वरच्या-खालच्या दगडालाही आडवा ताणतो. दगड दाबाला राजा, ताणाला मात्र दुबळा. त्याची ताणाची ताकद दाबाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, कित्येकदा त्याहून कमी. म्हणून दगडी भिंत भाराने फुटली तर चिरडत नाही, उभी तडकते. मसाला जितका मऊ आणि सांधा जितका जाड, तितकी ती लवकर तडकते. घडीव दगडाच्या भिंतीसाठी युरोपात वापरतात त्या सूत्रात दगडाच्या ताकदीला ०.७ चा घातांक आहे आणि मसाल्याच्या ताकदीला ०.३ चा. दगड दुप्पट ताकदीचा आणला, तर भिंत दुप्पट होत नाही, १.६ पट होते. इतकंच नाही, साध्या मसाल्यातल्या बांधकामात दगडाची ताकद ७५ च्या वर धरायचीच नाही असं तिथला नियम सांगतो. तुमच्या १४२ पैकी निम्मे न्यूटन तिथे कागदावरच पुसले जातात. आणि हे सगळं सहाही बाजू घडवलेल्या दगडाचं, सिमेंटच्या मसाल्यातलं. एक भाग सिमेंट आणि सहा भाग वाळूचा मसाला सुमारे ३ न्यूटनचा असतो. माती कोरडी असताना काही अंशी टिकते, भिजल्यावर तिची ताकद हिशोबात धरण्याइतकीही उरत नाही.

तुमची भिंत तर डबराची आहे. अनघड दगड एकमेकांवर पूर्ण टेकत नाही, तीन-चार टोकांवर टेकतो, आणि त्या टोकांखाली गवंडी चिपा ठोकतो. सगळा भार त्या टोकांतून आणि चिपांतून उतरत जातो. मधे माती असते ती भार घेण्यासाठी नव्हे, जागा भरण्यासाठी.

किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९४ नंतरची काही वर्षं मी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, पडायची राहिलेली घरं मजबूत करण्याच्या कामावर होतो. औसा तालुक्यातल्या एका घराची भिंत माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बाहेरून देखणी. मोठे, चौकोनी दिसणारे काळे दगड, ओळंब्यात सरळ, दर्जा अलीकडेच भरलेल्या. भिंत अडीच फूट जाड. घरमालक आजोबा कौतुकाने तिच्यावर थाप मारत होते. आम्ही खिडकीच्या बाजूचा एक दगड अलगद काढला. मोठा दिसणारा तो दगड आत जेमतेम सहा इंच शिरलेला, फरशीसारखा उभा लावलेला. त्याच्यामागे मी हात घातला तर कोपरापर्यंत गेला. पिठासारखी कोरडी माती घळाघळा बाहेर आली, सोबत गोटे, कपच्या, खापरांचे तुकडे आणि उंदरांनी केलेली बिळं. पलीकडे पुन्हा तसाच सहा-आठ इंची दगडांचा आतला पदर. अडीच फुटांची एक भिंत तिथे नव्हतीच, मधे भुसभुशीत भरण असलेल्या दोन पातळ भिंती होत्या. भाकरी फुगल्यावर पापुद्रा सुटतो तसे दोन्ही पदर एकमेकांपासून मोकळे. आजोबा बराच वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले.

याचा अर्थ आकड्यांत सांगतो. दोन फुटी भिंत एकसंध असेल तर तिचा जो ताठपणा, त्याच्या सत्ताविसावा हिस्सा ताठपणा तिच्या एक तृतीयांश जाडीच्या पदरात असतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. दोन पदर मिळून झाले सत्तावीसात दोन. दगड तोच, वजन तेवढंच, पण बाहेर वाकण्याला विरोध साडेतेरा पट कमी. त्यात मधलं भरण दोन्ही पदरांना सतत बाहेर ढकलत असतं, पावसात भिजलं की आणखी जोराने. भिंतीने पोट काढलंय असं आपण म्हणतो ते हेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जे झालं ते याच भिंतींनी केलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून माणसं झोपली होती. भूकंप ६.२ च्या आसपासचा, जगाच्या मानाने मध्यम. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसं गेली. तो सगळा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता, त्यामुळे कुणाच्या मनात भूकंप नव्हताच. जाड भिंत म्हणजे भक्कम घर अशी समजूत होती आणि दरोडेखोरांपासून, उन्हापासून बचाव म्हणून भिंती जाडच होत गेल्या. हादरा बसला तसे पदर सुटले, बाहेरचा रस्त्यावर आणि आतला झोपलेल्यांच्या अंगावर. त्यावर माळवदाची टनांनी माती. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती बसल्या, हेही तिथे दिसलं. दगड तोच, तुमच्या रिपोर्टातला. त्या ढिगाऱ्यातून कुठलाही दगड प्रयोगशाळेत नेला असता तरी असाच आकडा आला असता.

याच काळ्या दगडाचं दुसरं उदाहरण कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरची दगडी घरं कोसळली. जवळचंच धरण, १०३ मीटर उंच, डबर आणि काँक्रीट एकत्र करून बांधलेलं, त्याला तडे गेले पण ते उभं राहिलं. दुरुस्त झालं, आजही पाणी अडवतं. एकाच डोंगराचा पाषाण एका ठिकाणी मातीत सुटा पडलेला, दुसऱ्या ठिकाणी चहूबाजूंनी बांधलेला.

आता जांभा. तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे आणि उत्तर वरच्या सगळ्यातूनच निघतं. बांधकामाच्या चिऱ्यासाठी आपलं मानक कमीत कमी ३.५ न्यूटन मागतं. तुमच्या काळ्या दगडाचा चाळिसावा हिस्सा. पण चिरा खाणीतून निघतो तोच विटेसारखा, सहा तोंडांचा, काटकोनातला. तो खालच्या चिऱ्यावर पूर्ण अंगाने बसतो, सांधा सगळीकडे सारख्या जाडीचा राहतो, प्रत्येक थराला सांधेमोड (वरचा उभा सांधा खालच्या सांध्यावर न येणं) आपोआप मिळते आणि भिंतीच्या जाडीत पदर सुटायला जागाच नसते. दुमजली घराच्या भिंतीचा तळाचा दाब काढला, तर लाकडी तक्तपोशी आणि कौलं धरून तो ०.१५ न्यूटनच्या आसपास येतो. भिंत म्हणून जांभ्याची ताकद चिऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी धरली, तरी सात-आठ पट शिल्लक. साडेतीन न्यूटनचा मऊ दगड नीट बांधला म्हणून शंभर वर्षं उभा राहतो आणि १४२ न्यूटनचा फत्तर नीट न बांधल्यामुळे एका हादऱ्यात उकलतो.

जांभ्याचा शत्रू पाणी. भिजलेल्या जांभ्याची ताकद चांगलीच खाली येते. कोकणातल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. लांब काढलेल्या पागोळ्या, उंच जोतं आणि जमलं तर जोत्यापर्यंत काळा दगड. चिरा काढल्यावर लगेच बांधायला घेत नसत, काही महिने उन्हावाऱ्यावर ठेवत. हवा लागून तो कडक होतो आणि ज्यात मातीचे मऊ डोळे जास्त, तो तिथेच उघडा पडतो. सासुरवाडीच्या घराची काळजी घ्यायची असेल तर कौलं आणि पन्हळी सांभाळा, चिरे स्वतःची काळजी घेतील.

काळा दगडही नीट बांधला तर काय करतो ते पाहायचं असेल तर सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळासमोर अर्धा तास उभे राहा. मसाला नाही. प्रत्येक दगड दुसऱ्यावर सबंध तोंडाने बसवलेला, खाच आणि कुसू जुळवून अडकवलेला. तिथेच एक गोष्ट शिकायला मिळते. जुन्या देवळांत आडव्या दगडी तुळयांचे गाळे लहानच ठेवलेले असतात आणि तरीही कुठे कुठे तुळई मधोमध तडकलेली दिसते. तुळईच्या खालच्या अंगाला ताण येतो आणि तिथे पाषाणाची फक्त दहावा हिस्सा ताकद कामी येते. तुमच्या दारांवर दगडी पट्ट्या असतील, तर त्यांच्या खालच्या बाजूला मधोमध उभी चीर आहे का तेवढं पाहून ठेवा.

आता मजल्याकडे येतो. नुसत्या उभ्या भाराचा हिशोब केला तर मजला बसतो, हे मी लपवत नाही. दीड फूट मातीऐवजी दोन स्लॅब आणि नऊ इंची विटांची भिंत घातली, तरी तळाचा दाब ०.१ वरून ०.१३ न्यूटनपर्यंतच जाईल. कंत्राटदाराने कदाचित हाच हिशोब केला असेल. तरी मी नको म्हणतो ते तीन गोष्टींमुळे. स्लॅब भिंतीच्या पूर्ण जाडीवर टेकवला नाही, आणि बहुतेक वेळा टेकवत नाहीत, तर सगळा भार आतल्या पदरावर येतो आणि बाहेरचा पदर बिनभाराचा, सुटा, कलंडायला मोकळा राहतो. दुसरं म्हणजे, भूकंपाचा आडवा जोर वजनाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे वाढतो. सहा मीटरवर ठेवलेला स्लॅब खालच्या मातीच्या सांध्यांना जो हिसका देईल तो तीन मीटरवरच्या स्लॅबच्या कितीतरी वरचा, आणि मातीच्या सांध्यात तो पेलायला काहीच नाही. तिसरं, तुमच्याकडची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. सत्तर वर्षांत त्या पायाने एका भाराशी जुळवून घेतलंय. त्यावर नवा भार असमान पडला की खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे सुरू होतात. मजला हवाच असेल, तर भिंतींना न टेकवता आतून आरसीसीचे स्वतंत्र खांब उभे करा, त्यांचा पाया काळ्या मातीच्या खाली घट्ट मुरुमात न्या आणि जुन्या भिंतींना फक्त आडोशाचं काम ठेवा. खर्च जास्त आहे, पण खालच्या खोलीत निर्धास्त झोपता येईल.

आत्ता लगेच करण्यासारखं काम माळवदाचं. दरवर्षी पावसाळ्याआधी नवी माती चढवत गेल्याने ती फूट-दीड फूट, कधी दोन फूट होते. चौरस मीटरला ८०० किलो माती, म्हणजे सव्वाशे मिलिमीटर जाडीच्या स्लॅबपेक्षा अडीच पट वजन. ती सगळ्या घरावरून सारखी, थोडी थोडी उतरवा. एका खणातली संपवून मग दुसऱ्याला हात लावला तर भिंती एकीकडे झुकतात. वर पाचसहा इंच माती ठेवून मधे प्लास्टिकचा जाड कागद घाला, किंवा माती पूर्ण काढून पत्रा घाला. उन्हाळ्यात थोडं गरम होईल, हे खरं. लाकडी खांब आणि तुळई यांच्या जोडाला तिरके टेकू बसवा. फारसा खर्च नाही, पण सांगाडा डोलायचा थांबतो.

मग आरपार दगड. नव्या बांधकामात नियम असा, की दर दोन फूट उंचीला आणि आडवा दर चार फुटांच्या आत भिंतीच्या पूर्ण जाडीचा एक दगड हवाच, आणि कोपऱ्यात लांब दगड हवेत. तुमच्या उभ्या भिंतीत तो नंतरही बसवता येतो. साधारण दर चौरस मीटरला एक जागा निवडायची. बाहेरचा एक दगड पहारीने हलकेच सैल करून काढायचा, मधलं भरण हाताने उकरायचं, मग आतल्या अंगाचा समोरचा दगड काढायचा. ब्रेकर किंवा घण चालवायचा नाही, आजूबाजूची माती झडते. साधारण तीन इंचाचं आरपार भोक झालं की त्यात निम्मं काँक्रीट, दोन्ही टोकांना आकडा केलेली आठ मिलिमीटरची सळई, मग उरलेलं काँक्रीट. दोन्ही तोंडांना भोक थोडं रुंद ठेवलं तर काँक्रीटला डमरूसारखा आकार येतो आणि दोन्ही पदर पकडले जातात. एका दिवशी लागोपाठची भोकं पाडू नका. दहा दिवस पाणी मारा. दरवाजे-खिडक्यांच्या वरच्या पातळीला सगळ्या घराभोवती आतून-बाहेरून वेल्डमेशचा पट्टा मारून, दोन्हीकडच्या जाळ्या आरपार सळयांनी जोडून सिमेंटचा गिलावा केला, तर घराला कमरपट्टा मिळतो. हे काम करताना आम्ही पाहिलंय, पहिली पाच-सहा भोकं पाडेपर्यंत गवंडी कुरकुरतो, आतलं भरण बघितल्यावर तोच पुढची जागा दाखवतो.

सिमेंटच्या दर्जांबद्दल. दर्जा भरणारा मसाला आत जातो इंचभर. चोवीस इंचांच्या भिंतीत दोन्हीकडचा मिळून दोन इंच. तेवढ्याने पदर जोडले जात नाहीत. उलट वरून भिंत निरोगी दिसायला लागते आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाट बंद होते. ते खाली उतरतं, जोत्याशी साचतं आणि तिथली माती लोणी होते. औशाच्या त्या भिंतीच्या दर्जाही सिमेंटच्याच होत्या. दर्जा भरायच्याच असतील तर चुन्याने भरा. पण त्याआधी छपराचं पाणी भिंतीपासून दूर पडेल असं करा, आणि घराबाहेर वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या वर आलेली माती खणून काढा.

हे सगळं करण्याआधी भिंत एकदा उघडून बघा. दोन जागा पुरतील, एक खिडकीच्या बाजूला कमरेच्या उंचीवर आणि एक मागच्या, पावसाच्या बाजूच्या भिंतीत जोत्याच्या जरा वर. दगड किती आत शिरलेत ते पट्टीने मोजा, मधल्या भरणाची जाडी मोजा, मातीला ओल आहे का हाताने बघा. दोन्ही पदरांत अडकलेला एखादा तरी लांब दगड दिसतो का ते पाहा. मग वरून ओळंबा सोडून प्रत्येक भिंतीचा फुगवटा दर फुटाला टिपून घ्या. कुठेही तो दोन इंचांच्या वर असेल, तर तिथे भोकं पाडायची नाहीत. ती भिंत आधी टेकू देऊन थरथराने उतरवायची आणि पुन्हा रचायची. ही मापं आणि दोन्ही भोकांचे फोटो पाठवलेत तर आरपार दगडांच्या जागा मी आखून देईन. मात्र भिंती उघडण्याचं काम मृग लागायच्या आत उरकायला हवं, कारण उघडी भिंत आणि सुटी माती पावसात सापडली तर माती वाहून जाते आणि वरचे थर खाली बसायला लागतात.